टेबलबडव्याची पाटी

आत्याचं बोट जिथे अडेल तिथला शब्द बाद, असा त्या घरातला कायदा होता.

भाची संग्रहालयात पाट्या लिहायची. फुटक्या घागरीखाली, गंजलेल्या तलवारीखाली चार ओळींचा पुठ्ठा असतो ना, तो तिचा. लोक खांद्याला पिशवी आणि कडेवर पोर घेऊन उभ्याउभ्या वाचतात. पोर रडायला लागायच्या आत पाटी वाचून झाली पाहिजे, असं तिचं म्हणणं. आणि पाटी जमली की नाही हे तपासायला तिने घरातलंच माणूस धरलं होतं. आत्याचं खाली रफूचं दुकान होतं, वर दोन खोल्या. अक्षरांशी तिची ओळख झाली ती केस पिकायला लागल्यावर. म्हणून ती वाचायची तेही रफू केल्यासारखी: ओळीवर बोट ठेवायचं, टाका टाका पुढे जायचं, सुटलेला धागा दिसला की थांबायचं. संध्याकाळी दुकानाची फळी लावून ती वर आली की भाची त्या दिवसाच्या पाट्या तिच्यापुढे ठेवायची.

"सामाजिक-आर्थिक," आत्या म्हणायची. "ह्यातलं एक काहीतरी ठेव. दोन्ही मिळून फार जड होतंय."

"दोन्ही लागतात गं आत्या."

"मग खुर्च्या ठेवा तिथे. बसून वाचतील."

आणि भाची हसत हसत शब्द खोडायची. संग्रहालयाचे संचालक सगळ्यांना सांगत की आमच्याकडच्या पाट्या शेंबड्या पोरालाही कळतात. त्या आधी कोणाला कळाव्या लागतात, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

त्या वर्षी संग्रहालयात नवं दालन होणार होतं, परक्यांच्या राजवटीचं. संचालकांनी चार भिंतींना चार नावं दिली होती: लढणारे, सुधारणारे, साथ देणारे, सोसणारे. त्या काळातल्या प्रत्येक माणसाला कोणत्या ना कोणत्या भिंतीवर जायचं होतं. लढणाऱ्यांच्या भिंतीवर गर्दी झाली होती, कारण ज्याला त्याला आपला पूर्वज तिथेच हवा होता. सोसणाऱ्यांची भिंत बरीचशी रिकामी. सोसणाऱ्यांची चित्रं कोण काढून ठेवतं?

आत्याच्या घरी तिच्या आजोबांचं तैलचित्र होतं. आजोबा परक्यांच्या कोर्टात दुभाषे होते. साहेब बोलणार परक्या भाषेत, आरोपीला कळणार फक्त आपली, मध्ये आजोबा. नोकरी संपली तेव्हा कचेरीनेच ते चित्र काढून दिलं होतं. लांब कोट, मिशा, दोन्ही हात कोटाच्या खिशात. शिवणयंत्राच्या वरच्या भिंतीवर ते इतकी वर्षं होतं की आत्या सकाळी यंत्र पुसताना चित्राशी दोन शब्द बोलायची, आज पाणी उशिरा आलं किंवा गुडघा दुखतोय असलं काहीतरी. भाचीने पुष्कळ मस्का लावला, तेव्हा कुठे ते संग्रहालयाला द्यायला ती तयार झाली, तेही एका अटीवर.

"मानाने लावणार असाल तरच. मरताना बाबांनी मला सांगितलंय, ह्यांना खाली बघायला लावू नकोस."

"मानानेच लावू."

"सुधारणाऱ्यांत घातलंत तरी चालेल. नाहीतर लढणाऱ्यांतच घाला की. साहेबाने दिलेली शिक्षा ते कमी करून सांगायचे. सगळ्यांना माहीत आहे."

भाची चित्र उतरवायला खुर्चीवर चढली. चित्र नव्या चौकटीसाठी फ्रेमवाल्याकडे गेलं आणि यंत्रावरच्या भिंतीवर त्याच्या मापाचा एक उजळ तुकडा उरला.

मग एका संध्याकाळी भाचीने एकच पाटी पुढे ठेवली. वर नाव नव्हतं.

"परकीय सत्तेचा हस्तक," आत्याने वाचायला घेतलं. "आणि ला-भार्थी. कोर्टातील दुभाषा. लोकांवरील द-डप-शाहीत सक्रिय सहभाग." इथवर ती आली होती, आणि एवढे कठीण शब्द पार केल्याबद्दल स्वतःवर खूशही होती. "कोटाच्या खिशात हात घालून उभं राहण्याची ढब..."

बोट अडलं, आणि तेही साध्या शब्दांवर.

"कोणाची गं ही पाटी?"

भाची ताटं मांडायला लागली. ही तिची लहानपणापासूनची खोड. खरं सांगवेना आणि खोटं बोलवेना, की ती ताटं मांडायची.

"मी विचारतेय."

"तुला कळलंय, आत्या."

"पुढे काय आहे ते तूच वाच. माझं बोट जात नाही."

भाचीने वाचलं. "ही सत्ताधाऱ्यांच्या ऐटीची नक्कल होय."

"नाव का नाही घातलंस?"

"नाव घातलं असतं तर तू नावच वाचलं असतंस. मला पाटी वाचून हवी होती."

"वाचली की. ऐट म्हणे. गावात सदऱ्यालाही खिसे नव्हते तेव्हाचा कोट तो. जो घालेल तो हात घालून बघणारच खिशात." आत्याने पाटी उलटी करून ठेवली. "अगं, त्या माणसाच्या मांडीवर बसलेय मी. तू कोणाला हस्तक म्हणतेयस?"

"त्यांच्या तोंडून किती माणसं बेटावरच्या कैदेत गेली, माहीत आहे तुला? कोर्टाचे कागद आहेत तिथे."

"तोंडून गेली. मनातून नाही."

"मनाची नोंद कुठे असते, आत्या? मी काय लिहू मग?"

"आणि त्यांच्या पगारावर माझा बाप शिकला. तुझ्या बापाची फी माझ्या बापाने भरली. मग तू कोण?"

"मीपण लाभार्थी," भाची म्हणाली. "हवं तर तेही लिहिते पाटीवर."

"आधी ती कालची पातेली घास, लाभार्थी. आणि उद्या मी माझं चित्र घरी आणणार."

चित्र परत जाणं म्हणजे काय, हे दोघींनाही माहीत होतं. दालन आठवड्यावर आलं होतं. साथ देणाऱ्यांच्या भिंतीवर मधोमध तेच चित्र लागणार होतं, आणि ते मिळवून आणल्याबद्दल भाचीची पाठ थोपटली गेली होती. चित्र गेलं तर तिचं हसं होणार. राहिलं तर आत्याने बापाला दिलेला शब्द मोडणार. जेवताना भाचीने आत्याला पुन्हा वाढलं, आत्याने नको न म्हणता खाल्लं; पण बोलायचं कोणी हे काही ठरेना.

सकाळी आत्या दुकान न उघडताच निघाली.

फ्रेमवाल्याचं दुकान संग्रहालयाच्या मागच्या गल्लीत. आत सरसाचा आणि ताज्या भुश्श्याचा वास. भिंतीवर चौकटींचे कोपरे तेवढे टांगलेले, सोनेरी, काळे, नक्षीचे. वर्तमानपत्रं मध्ये घालून काचा उभ्या केलेल्या. फ्रेमवाला साठीचा असेल. ओठांत चुका धरून बोलायची त्याला सवय होती, त्यामुळे त्याचं बोलणं एका कोपऱ्यातून यायचं. आजोबा बाकावर पालथे पडले होते, अंगावर गोणपाट.

"हे चित्र परत न्यायला आलेय," आत्या म्हणाली.

"झालं नाही अजून, बाई."

"संग्रहालयवाले म्हणाले आठवड्यापूर्वीच दिलंय."

"दिलंय खरं." त्याने तोंडातल्या चुका काढून डबीत टाकल्या. "पावतीवर नाव वाचलं आणि हातच लागेना. ह्याला आम्ही ओळखतो ना."

"कोणाला?"

"ह्या टेबलबडव्याला."

आत्याने ते नाव आयुष्यात ऐकलं नव्हतं.

"आमच्या घरातलं नाव आहे," फ्रेमवाला म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. घरातली जुनी गोष्ट सांगताना जो आवाज लागतो, तो होता. "आमच्याच नाही, त्या वेळी अख्ख्या गावाचं. माझा पणजा गाड्या हाकायचा. परक्यांच्या रस्त्याला वेठीने गाडी दे म्हणाले, त्याने दिली नाही. मग कोर्ट. साहेब काहीतरी बोलला आणि त्याने टेबलावर हात आपटला. पणज्याला काय कळतंय. मग हा उठला. साहेब ज्या आवाजात बोलला त्याच आवाजात बोलला, आपल्या भाषेत. मी तुला बेटावर धाडतो. आणि साहेबाने जसा आपटला तसाच ह्यानेही टेबलावर हात आपटला. तसा नियमच होता म्हणे. साहेब जे करेल ते सगळं पोचवायचं, नुसते शब्द नाहीत."

आत्या उभीच होती.

"पणजा जाताना पणजीला म्हणाला, साहेबाचा मला राग नाही, त्याला बिचाऱ्याला आपली भाषा येत नव्हती. पण ह्याला येत होती."

गल्लीतून कोणीतरी हातगाडी ढकलत गेलं. काचा किंचित किणकिणल्या.

"ते शिक्षा कमी करून सांगायचे," आत्या म्हणाली. आयुष्यभर म्हणत आलेलं वाक्य होतं ते, तोंडात तयार असायचं.

फ्रेमवाल्याने मान तिरपी करून तिच्याकडे पाहिलं. "कमी करून सांगितली, तरी भोगायची तेवढीच ना, बाई?"

घरात ही गोष्ट आजीने सांगितली होती, बाबांनी सांगितली होती, तिने स्वतः भाचीला पाळण्यात असल्यापासून सांगितली होती. आणि एवढ्या माणसांत एकालाही हा साधा हिशेब सुचला नव्हता. साहेबाचं बोलणं ह्या तोंडाने सौम्य केलं म्हणून बेट काही जवळ येत नव्हतं.

"ते माझे आजोबा," ती म्हणाली.

फ्रेमवाल्याने एक स्टूल ओढलं, त्यावरचा भुस्सा हाताने झाडला आणि तिच्यापुढे ठेवलं.

"मग बसा. उभ्याने कशाला ऐकताय."

त्याने समोरून दोन चहा मागवले. चहा येईपर्यंत दोघेही पालथ्या चित्राकडे बघत राहिले, जसं काही ते उठून आपली बाजू मांडणार होतं.

"म्हातारपणी ते हात मांडीखाली घालून बसायचे," आत्या चहा फुंकत म्हणाली. "खुर्चीवर असोत की जमिनीवर, दोन्ही हात मांडीखाली. आम्ही पोरं हसायचो. आजोबा हात उबवतात, पिल्लं कधी निघणार, असं चिडवायचो. तेही हसायचे. पण घरात कोणी भांडं आपटलं की दचकायचे. एकदा बाबा आईवर चिडले आणि जेवणाच्या टेबलावर त्यांनी मूठ आपटली. आजोबा उठले, ताट तसंच टाकून मागच्या अंगणात गेले. आजी बोलवायला गेली तर म्हणाले, टेबल बाहेर टाका, मग येतो. त्या दिवसापासून आमच्या घरी जमिनीवरच पंगत. पाहुण्यांना वाटायचं आम्हाला परवडत नाही."

"मग टेबलाचं काय झालं?"

"मी त्यावर कपडे कापते."

फ्रेमवाल्याला हसू आलं. मग त्याने गोणपाट काढलं आणि चित्र सावकाश सुलटं केलं. कोट, मिशा. आणि मनगटापर्यंत खिशात गेलेले हात. दोघांनी ते पुष्कळ वेळ पाहिले. आत्याने तर ते जन्मभर पाहिले होते.

"म्हणजे माहीत होतं त्याला," फ्रेमवाला म्हणाला.

"माहीत होतं. पण नोकरी सोडली नाही."

हे आपणच म्हणालो, याचं आत्याला नवल वाटलं.

"माझी आजी असायला हवी होती," फ्रेमवाला म्हणाला. "तिला बरं वाटलं असतं. म्हणाली असती, मेल्याला जेवण तरी गोड लागलं नाही." त्याने कप खाली ठेवला. "नेताय ना? बांधून देऊ?"

आत्याने पदराने चित्रावरचा भुस्सा टिपला. "तुम्ही करणार होतात का त्याला चौकट?"

"करणार होतो हो. वाकडी बसली तर लोक मला हसतील, ह्याला नाही."

"मग करा," आत्या म्हणाली. "सरळ बसवा म्हणजे झालं."

संध्याकाळी भाची घरी आली तेव्हा तिचं तोंड एवढंसं झालं होतं. तिला वाटलं होतं चित्र भिंतीवर परत आलेलं असेल. भिंत रिकामीच होती. तिने चप्पल काढायच्या आधीच पिशवीतून एक कागद काढला.

"नवी लिहिलीय. बघ."

आत्याने बोट ठेवलं. "न्यायाची भाषा सामान्यांपर्यंत पोचवणारा सेतू. दोन जगांना जोडणारा समन्वयवादी." कुठेही न अडखळता ती शेवटपर्यंत गेली. मग तिने कागदाची घडी घातली.

"कुठे अडलीस का?" भाचीने विचारलं.

"नाही. लोण्यासारखी गेली."

"मग?"

"खोटी आहे."

भाचीने कागद परत ओढून घेतला. "आत्या, तुझ्यासाठी मी काल रात्रीपासून..."

"कळलं गं ते. एकदा हस्तक म्हणालीस तेव्हा तुझा त्यांच्यावर राग होता. आज सेतू म्हणतेस तेव्हा माझ्यावर माया आहे. त्यात ते कुठेच नाहीत." आणि तिने फ्रेमवाल्याची सगळी गोष्ट सांगितली: टेबलावर आपटलेला हात, बेट, जाताना बोललेलं वाक्य. मग तिने आजोबांचे मांडीखालचे हात सांगितले. ते भाचीला माहीत होते, पण घरातला विनोद म्हणून.

भाचीने यंत्रावरच्या उजळ तुकड्याकडे पाहिलं.

"खिसे," ती म्हणाली. "मी ऐट लिहिली होती."

"तू काय, मीही तेच समजत होते. रुबाबदार दिसतात म्हणायचे."

"पण आत्या, हस्तक हा शब्द खोटा नाहीये."

"मी कुठे म्हणतेय खोटा? पण तो वाचला की माणूस लगेच पुढच्या चित्राकडे जातो. कळलं, वाईट होता, चला. आणि सेतू वाचला तरी तसंच. चांगला होता, चला. माणूस तिथे थांबला पाहिजे की नाही?"

"काहीच न म्हणता सोडलं, तर लोक म्हणतील कोणीच काही केलं नाही. बेटावर माणसं आपोआप गेली."

आत्या उठली आणि ताटं मांडायला लागली. भाची हसली.

"तू का मांडतेयस? ती माझी खोड."

"कोणाकडून आली असेल?"

जेवण होईपर्यंत आणि नंतरही दोघी त्या पाटीला भिडल्या होत्या. भाची एक शब्द घालायची, आत्या काढायची. आत्या एक गोष्ट घुसवायची, भाची म्हणायची हे महाभारत कोण वाचणार. "साथ देणारे" ह्या भिंतीवरून वाद होईल असं भाचीला वाटलं होतं. आत्याच म्हणाली, "तिथेच लावा. साथ दिली ती दिली. लढणाऱ्यांत घातलं तर तो गाडीवाला कुठे जाईल?"

"आणि तुझ्या बाबांना दिलेला शब्द?"

"खाली बघायला लावू नकोस म्हणाले होते. समोर बघू देत की." तिने पाटीवरचा चष्मा उचलला. "समोर कोणती भिंत आहे?"

"सोसणारे."

"मग बघू देत."

दालन उघडलं त्या दुपारी आत्या भाचीने घेतलेल्या नव्या साडीत, पण जुन्याच चपलेत गेली. चित्र मधोमध होतं. चौकट काळी, साधी, कोपरे असे जुळलेले की सांधा दिसू नये. फ्रेमवाला इस्त्रीचा सदरा घालून आधीच आला होता आणि चित्र सोडून चौकटीच्या डाव्या कोपऱ्याकडे बघत होता.

"सरळ आहे," आत्या म्हणाली.

"एक केसभर खाली आहे. कोणाला कळणार नाही."

पाटीपुढे एक बाई कडेवर पोर घेऊन उभी होती. आत्या तिच्या बाजूला गेली आणि बोट हवेत धरून, ओठ हलवत वाचायला लागली. शब्द पाठ होते, तरी वाचले.

"कोर्टातील दुभाषे. साहेबाची शिक्षा आपल्या भाषेत सांगणं हे यांचं काम. साहेबाने टेबलावर हात आपटला तर यांनीही आपटायचा, असा नियम होता. तो यांनी नोकरी संपेपर्यंत पाळला. वेठीला नाही म्हणणारे अनेकजण यांच्या तोंडून शिक्षा ऐकून बेटावर गेले; काही परत आले नाहीत. गावात यांना टेबलबडव्या म्हणत. म्हातारपणी हे हात मांडीखाली घालून बसत आणि घरात कोणाला टेबलावर हात आपटू देत नसत. चित्रात हात खिशात आहेत."

बाईने वाचलं, चित्राकडे पाहिलं, मग हातांकडे, मग पुन्हा पाटीकडे. पोर चुळबुळायला लागलं तरी ती हलली नाही.

"मग हा चांगला होता की वाईट?" तिने आत्याला विचारलं. आत्या तिथलीच कोणीतरी असावी असं तिला वाटलं असावं.

आत्याने फ्रेमवाल्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "माझ्या घरी वाईट होता."

"माझ्या घरी आजोबा होते," आत्या म्हणाली.

बाईला दोघांचंही पटलेलं दिसलं. तिने पोराला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि पाटी पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतली.

संचालक पाटीवर नाराज होते. फार लांब आहे, निष्कर्ष नाही, असं त्यांनी भाचीला दोनदा ऐकवलं होतं. तिने मान डोलावली होती आणि एकही शब्द बदलला नव्हता. ह्या बाबतीत ती आत्यावर गेली होती. आता भाषणाची वेळ झाली, पण लोक काही चित्रांपुढून हटेनात, कुजबुज थांबेना. संचालकांनी दोनदा घसा खाकरला. मग समोरच्या टेबलावर त्यांनी जोरात हात आपटला. एकदा, दुसऱ्यांदा.

आत्या आणि फ्रेमवाला, दोघांनीही एकाच वेळी भिंतीकडे पाहिलं. आजोबा समोर बघत होते. हात जागेवर होते.

"साहेब," आत्या मागूनच म्हणाली, तिच्या दुकानातल्या नेहमीच्या आवाजात, "तेवढं टेबल नका वाजवू. आमच्या आजोबांना चालत नाही."

दालनात एकदम शांतता झाली. संचालकांनी हाताकडे पाहिलं, तो कुठे ठेवावा हे त्यांना कळेना, आणि मग त्यांनी तो हळूच कोटाच्या खिशात घातला.

भाचीने ओढणी तोंडावर धरली. फ्रेमवाला खाली बघून चपलेचा पट्टा नीट करायला लागला, जो नीटच होता.